घर तेच, पट्टी नवी: विदर्भातल्या लहान गावांचा घरकर ठरतो कुठे?

मार्च लागला की आमच्या तालुक्याच्या गावात भोंगा लावलेली गाडी फिरते. थकबाकीदारांनी कर भरावा, नाहीतर नळ तोडला जाईल, एवढंच ती दिवसभर सांगत असते. यंदा गाडी गल्लीतून गेली आणि मागोमाग शेजारच्या काकू हातात बिल घेऊन आल्या. ओसरीत बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "काहो भाऊ, घर त तेच हाय. एक ईट बी नाई लावली. मंग पट्टी एवढी काहून वाढली?"

मी तहसीलसमोर लोकांचे अर्ज लिहून देतो. गेली कित्येक वर्षं हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतो आहे. बहुतेक लोक आधी सरपंचाला किंवा नगरसेवकाला दोष देतात. पण अशा बिलांतल्या बऱ्याचशा ओळी आमच्या गावात ठरलेल्याच नाहीत. त्या मुंबईत विधिमंडळाने केलेल्या कायद्यातून, पुण्यातून निघणाऱ्या दरपत्रकातून आणि काही अंशी दिल्लीच्या वित्त आयोगाच्या अटीतून आल्या आहेत. हे उलगडून सांगावं म्हणून हा लेख.

सुरुवात घटनेपासून करावी लागते. कायद्याचा अधिकार असल्याशिवाय कोणताही कर बसवता येत नाही, असं घटनेचं कलम २६५ सांगतं. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत जागा मिळाली. त्या १९९३ मध्ये लागू झाल्या. पण कर बसवण्याचा अधिकार त्यांना थेट दिला नाही. कोणता कर, किती मर्यादेत आणि कोणत्या पद्धतीने बसवायचा, हे राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून ठरवायचं, असं तिथं लिहिलं आहे. म्हणजे गावाचा कर गाव गोळा करतं, पण त्याचं माप राज्य देतं.

आणि ती मापं दोन आहेत. ग्रामपंचायतीसाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८, आणि त्याखालचे कर व फी नियम १९६०. नगरपरिषद आणि नगरपंचायतीसाठी महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५. काकूंचं घर आधी पहिल्या मापात होतं, आता दुसऱ्या मापात आहे. भिंती जागच्या हलल्या नाहीत, पण घर एका कायद्यातून उचलून दुसऱ्यात ठेवलं गेलं.

ग्रामपंचायतीचं माप

पूर्वी ग्रामपंचायतीत हिशेब सोपा होता. घराचे चौरस फूट मोजायचे, चौरस फुटाला ठरलेला दर लावायचा. हे प्रकरण न्यायालयात गेलं आणि ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनं नवी पद्धत आली. ती भांडवली मूल्याची. घर आज किती किमतीचं आहे हे काढायचं आणि त्या किमतीच्या दर हजार रुपयांमागे काही पैसे कर घ्यायचा.

किंमत काढायची रीत अशी. जागेचं क्षेत्रफळ गुणिले जागेचा सरकारी दर. त्यात मिळवायचं बांधकामाचं क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा. घर जुनं असेल तेवढी त्याची किंमत कमी धरायची, तो घसारा. शेवटी वापराचा भारांक. राहत्या घराला १, दुकान किंवा कारखाना असेल तर त्याहून जास्त. जागेचे आणि बांधकामाचे दर ज्या तक्त्यातून घेतात त्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. तो नोंदणी महानिरीक्षकांच्या पुण्यातल्या कार्यालयातून निघतो. २०२५-२६ साठी राज्यात त्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ झाली. आपल्या गावातल्या मातीच्या घराची किंमत अशी पुण्यात लिहिली जाते, हे अनेकांना ठाऊकच नसतं.

आता एक हिशेब करून पाहू. दर मी समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे वेगळे असतील.

समजा ५० चौरस मीटरचं मातीच्या भिंतींचं, कवेलूचं म्हणजे कौलारू घर आहे. जागेचा दर मीटरला ४०० रुपये धरला तर जागेचे २०,००० झाले. मातीच्या बांधकामाचा दर ५,००० धरला तर बांधकामाचे अडीच लाख. घर जुनं, म्हणून घसाऱ्यानंतर त्यातले ४० टक्केच धरले, म्हणजे १ लाख. एकूण १,२०,०००. हजाराला ५० पैसे कर लावला तर वर्षाचे ६० रुपये.

आता त्याच माणसाला घरकुल मंजूर झालं. जुनं घर पाडून त्याच जागेवर २५ चौरस मीटरचं, म्हणजे अर्ध्याच आकाराचं, स्लॅबचं घर उभं राहिलं. जागेचे २०,००० तेच. बांधकामाचा दर १८,००० धरला तर साडेचार लाख, आणि घर कोरं असल्याने घसाऱ्यापोटी काहीच कमी होत नाही. एकूण ४,७०,०००. पक्क्या घराचा दरही वरचा असतो. हजाराला १ रुपया २० पैसे धरले तर कर झाला ५६४ रुपये.

घर निम्मं झालं आणि कर नऊ पटींहून वाढला. कोणी चोरी केली नाही, कोणी चुकीचा हिशेब मांडला नाही. सूत्रच तसं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. एका हाताने सरकार घर पक्कं करायला पैसे देतं आणि दुसऱ्या कायद्याने ते पक्कं झालं म्हणून वरच्या वर्गात टाकतं. या दोन खात्यांनी एकमेकांशी बोलावं, असं मला मनापासून वाटतं. घरकुलाच्या पहिल्या काही वर्षांपुरती तरी करात सूट देणारी तरतूद राज्याने नियमातच करायला हवी. ती ग्रामपंचायतीच्या मर्जीवर सोडून भागणार नाही, कारण ग्रामपंचायतीला कराची किमान पातळी सोडून खाली जाता येत नाही.

ग्रामपंचायतीच्या हातात मग राहतं काय? किमान आणि कमाल दराच्या मधला पट्टा. त्या पट्ट्यात दर कुठे ठेवायचा हे गावाने ठरवायचं. आकारणी दर चार वर्षांनी सुधारायची असते. ती नोंद ज्या वहीत होते तो नमुना ८, आणि त्या वर्षी कोणाकडून किती येणं आहे ती वही म्हणजे नमुना ९. घरपट्टीबरोबर दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी याही ओळी असतात. ३० सप्टेंबरच्या आत कर भरला तर ५ टक्के सूट, ३१ मार्चपर्यंत नाही भरला तर ५ टक्के दंड. सोयाबीन घरात येतं दसरा-दिवाळीला. कापसाची पहिली वेचणी झाली तरी पैसा हातात यायला संक्रांत उजाडते. सप्टेंबरात शेतकऱ्याच्या घरी असते ती फवारणीची उधारी. सुटीची ही तारीख विदर्भाच्या शेताकडे पाहून ठरवलेली नाही, एवढं नक्की.

जाता जाता एक. ग्रामपंचायत सदस्यानं कराची मागणी आल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. कलम १४ मध्ये तसं लिहिलं आहे. निवडणुकीच्या आधी पंचायतीत थकबाकी भरायला रांग लागते ती याच कलमामुळे.

गाव एका रात्रीत शहर झालं

२०१४ मध्ये राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती नगरपंचायती करायचं ठरवलं. कायद्यात नगरपंचायतीसाठी मूळ अट आहे ती १० ते २५ हजार लोकसंख्येची, आणि शेतीबाहेर काम करणाऱ्यांचं प्रमाण निदान २५ टक्के असण्याची. तालुक्याच्या ठिकाणांना ती लोकसंख्येची फूटपट्टी लावली गेली नाही. म्हणून विदर्भात मौदा, कुही, भिवापूर, समुद्रपूर, सेलू, लाखांदूर, मोहाडी, सिंदेवाही, राळेगाव, मारेगाव यांच्या जोडीला भामरागड, कोरची, जिवती अशी अगदी छोटी गावंही नगरपंचायत झाली. जंगलाच्या कडेची, बाजाराच्या दिवशीच गजबजणारी गावं.

ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, ग्रामसभा संपली. आणि घरावरच्या कराचं सूत्र मुळातून बदललं.

नगरपंचायतीत प्रश्न असा विचारतात: हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल? त्या वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे. उरतं ते करयोग्य मूल्य. त्यावर ठरलेल्या टक्क्यांनी संकलित कर, म्हणजे नगरपंचायतीची घरपट्टी.

मुंबई-नागपुरात भाडं कळतं. आमच्या गावात कोणाचं घर भाड्याने जातं? एखादे बँकेचे साहेब, दोन-चार शिक्षक, एखादा तलाठी. त्यांना हवी असते स्लॅबची, संडास-बाथरूम आत असलेली खोली. काकूंच्या कवेलूच्या घरात, जिथं पावसाळ्यात चार ठिकाणी भांडी ठेवावी लागतात, भाडेकरू कोण येणार? तरी त्या घराचं भाडं कागदावर काढलं जातं, कारण कायद्याला ते हवं असतं. मग गावाचे झोन पाडतात, बांधकामाचे प्रकार ठरवतात, आणि चौरस फुटाला महिन्याचं अमुक भाडं असा तक्ता तयार होतो. त्याला नगररचना खात्याच्या मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याची तपासणी लागते. म्हणजे इथंही अखेरचा शब्द राज्याच्याच खात्याकडे.

काकूंच्या घराचा हिशेब मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. घर ५४० चौरस फूट. महिन्याला फुटामागे दीड रुपया भाडं धरलं तर ८१० रुपये, वर्षाचे ९,७२०. दहा टक्के वजा जाता ८,७४८. त्यावर २० टक्के कर धरला तर साधारण १,७५० रुपये. ग्रामपंचायतीच्या काळात हेच घर शंभराच्या आत होतं.

थकलं तर? ग्रामपंचायतीत वर्षाअखेर ५ टक्के दंड होता. नगरपंचायतीत मागणीची नोटीस येऊनही भरलं नाही तर महिन्याला २ टक्के शास्ती (दंड), म्हणजे वर्षाला २४. पीक बुडालेल्या वर्षी थकलेलं बिल दोन-तीन वर्षांत मुद्दलाच्या निम्म्याहून जास्त व्याज अंगावर घेतं. शेतकऱ्याच्या वर्षाला दोनच वेळा पैसा येतो, आणि शास्ती मात्र बारा महिने चढते. अधूनमधून सरकार अभय योजना आणतं, शास्ती माफ होते. पण मग वेळेवर भरणाऱ्याच्या मनात येतं, आपणच काय पाप केलं?

बिलातला सगळा पैसा गावाचा नाही

काकूंच्या बिलावर संकलित कराखाली शिक्षण कराची एक ओळ आहे. त्यांना वाटलं, हा आपल्या गावच्या शाळेसाठी. तसं नाही. हा राज्याचा उपकर आहे. १९६२ च्या शिक्षण व रोजगार हमी उपकर कायद्याखाली तो शहरी भागातल्या मालमत्तांवर बसतो, नगरपंचायत गोळा करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. दुकान, गोदाम, गिरणी अशा राहण्याखेरीजच्या वापराच्या मालमत्तांवर रोजगार हमी उपकरही असतो. शिवाय झाडांच्या १९७५ च्या कायद्याखालचा वृक्षकर आणि अग्निशमन कर. ग्रामपंचायत होती तोवर घरावर यातली राज्याची उपकराची ओळ नव्हती. हद्द शहरी झाली आणि ती आपोआप लागू झाली. नगरसेवकांनी ठराव करून आणलेली ही ओळ नाही आणि ठराव करून ती काढताही येणार नाही.

उरलेला पैसा तरी पुरतो का? नगरपालिकांचा एकेकाळचा मोठा आधार होता जकात. नाक्यावर ट्रक थांबायचा, पावती फाटायची, पालिकेच्या पेटीत रोख यायची. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली, बदल्यात राज्याचं सहायक अनुदान सुरू झालं. २०१४ नंतर जन्मलेल्या नगरपंचायतींनी तर जकात पाहिलीच नाही. त्यांच्या हातात स्वतःचं म्हणावं असं उरलं ते घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजारफी.

आणि जो पैसा येतो त्याच्याही वाटण्या आधीच झालेल्या असतात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. पगारावर ३५ टक्क्यांची मर्यादा आहे. यातली प्रत्येक वाटणी योग्य आहे, आणि ती नसती तर गावच्या दिव्यांग माणसाला कोणी विचारलं नसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ज्या पंचायतीची पूर्ण वर्षाची घरपट्टीच लाखभर आहे तिच्याकडे एवढं करून नळाची फुटलेली पाइपलाइन जोडायला किती उरेल, याचा हिशेब कोणीही करावा. कर्मचाऱ्यांच्या वेतनातल्या सरकारी हिश्श्यालाही वसुलीची अट जोडलेली असते. गावाने कर थकवला की पाणी सोडणाऱ्या माणसाचाच पगार अडकतो. ती अट काढा म्हणून हे कर्मचारी वर्षानुवर्षं मोर्चे काढत आलेत, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे.

आता दिल्लीची अट. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी शहरी स्थानिक संस्थांच्या अनुदानाला दोन अटी घातल्या. हिशेब ऑनलाइन जाहीर करा, ही पहिली. तिच्याबद्दल तक्रार असायचं कारण नाही. दुसरी अशी की राज्याने घरपट्टीचे किमान दर अधिसूचित करावेत आणि नंतर वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या, म्हणजे राज्यात वर्षभरात होणाऱ्या एकूण उत्पादनाच्या, गेल्या पाच वर्षांतल्या सरासरी वाढीइतकी तरी वाढत राहावी.

ही ओळ दोनदा वाचावी अशी आहे. राज्याचं उत्पन्न वाढतं ते मुख्यतः मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यामुळे. तिथल्या वाढीचा आकडा हा झरी जामणीच्या किंवा सालेकसाच्या नगरपंचायतीचं वसुलीचं लक्ष्य होतो. तिथं मात्र त्या वर्षी कापसाचा भाव पडलेला असतो किंवा धानावर तुडतुडा आलेला असतो. लक्ष्य गाठलं नाही तर अनुदान अडतं, आणि अनुदान अडलं तर नालीचं काम थांबतं. लहान गावाला स्वतःचं उत्पन्न वाढवायला लावणं चूक नाही. पण मोजताना त्या गावाच्या पिकाचा विचार हवा. निदान जिल्ह्याच्या उत्पन्नवाढीशी तरी तुलना व्हावी.

ज्या जमिनीवर करच नाही

विदर्भातल्या गावांची आणखी एक अडचण आहे. हद्दीत जमीन भरपूर, पण कर देणारी थोडी.

केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक कर बसत नाही, घटनेचं कलम २८५ तसं सांगतं. रेल्वे स्टेशन, पोस्ट, संरक्षण खात्याच्या जागा यात येतात. सर्वोच्च न्यायालयात राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९ मध्ये मार्ग निघाला: कर नाही, पण सेवा वापरता तर सेवाशुल्क द्या. पालिकेच्या सेवा किती घेतल्या त्यानुसार कराच्या ७५, ५० किंवा ३३.३३ टक्के. मोठ्या महापालिका वकील लावून हे मागतात. चार कारकुनांच्या नगरपंचायतीला आपला असा काही हक्क आहे हेच पुष्कळदा माहीत नसतं. ज्यांच्या हद्दीत स्टेशन किंवा केंद्राची वसाहत आहे त्यांनी हे सेवाशुल्काचं पत्र पाठवलंच पाहिजे.

कंपनीचं तसं नाही. सरकारी असली तरी कंपनी ही कंपनीच, तिला कलम २८५ चा आडोसा मिळत नाही. कारखान्याच्या बाबतीत ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १२५ प्रमाणे वेगवेगळ्या करांऐवजी एक ठोक रक्कम ठरवता येते. ही रक्कम कशी ठरते यावर गावानं डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं. एकदा कमी ठरली की गावाचं वर्षानुवर्षांचं नुकसान होतं.

पूर्व विदर्भात झुडपी जंगल हा वेगळाच पेच आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून ८६,४०९ हेक्टर जमीन महसुली कागदावर झुडपी जंगल आहे. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच मानली. प्रत्यक्षात त्यातल्या काही जमिनींवर शाळा आहेत, वस्त्या आहेत, दोन-दोन पिढ्यांची घरं आहेत. अशा घरांची नोंद नमुना ८ मध्ये असते, कर घेतला जातो, पावती मिळते. लोकांना वाटतं पावती मिळाली म्हणजे घर आपलं झालं. तसं होत नाही. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. हे वाक्य मी महिन्यातून दहा वेळा सांगतो आणि दर वेळी समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला पाहतो. मालकीसाठी गावठाणात मालमत्ता पत्रक लागतं. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून ती दिली जाताहेत. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर पत्रकावर नाव तपासून घ्या.

नागपूरच्या भोवतालच्या गावांची गोष्ट उलटी. तिथं शेतं मोडून लेआउट पडतात, घरं वाढतात, म्हणजे कर वाढायला हवा. पण बांधकाम परवानगीचा अधिकार आणि विकास शुल्क नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे. रोजचा कचरा, पथदिवे आणि लेआउटमध्ये तुंबलेली नाली ग्रामपंचायतीकडे. नवीन रहिवासी शहरातून आलेला, त्याला शहरासारखी सेवा हवी. पंचायतीकडे असते एक घंटागाडी, आणि हाताशी फक्त घरपट्टी. या गावांचे सरपंच दोन दगडांवर पाय ठेवून उभे आहेत असं मला नेहमी वाटतं.

मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ, हा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये झाला. तेव्हापासून काकूंसारखे कितीतरी लोक विचारतात, आमचं घर तर तेवढंच, मग आम्हाला का नाही? कारण ती माफी फक्त मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरती आहे. मुंबईला ती झेपते, तिथं मोठी दुकानं, कार्यालयं, मनोरे कर देतात. आमच्या गावात ५०० फुटांखालची घरं वगळली तर कर देणारं उरेलच कोण, हाही प्रश्न खरा आहे. म्हणून मी सरसकट माफी मागणाऱ्यांतला नाही. माफीची भरपाई राज्याने गावाला दिली तरच तिला अर्थ आहे. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना मिळणारी सूट मात्र आपल्याकडेही आहे. पात्र असून अर्ज न केलेली घरं मला दर वर्षी भेटतात.

काकूंच्या बिलाचं पुढे काय झालं

एवढं सगळं ऐकून काकू म्हणाल्या, "म्हंजे काईच करता येत नाई?"

येतं. आकारणीची यादी अंतिम होण्याआधी ती जाहीर करावी लागते आणि हरकती मागवाव्या लागतात. साधारण महिनाभराची मुदत असते, नोटिशीवर तारीख लिहिलेली असते. सूत्र आपल्या हातात नाही, पण सूत्रात घातलेले आकडे तपासणं आपल्या हातात आहे. आणि चुका बहुतेक तिथंच असतात.

काकूंच्या बिलाबरोबर मोजमापाचा उतारा मागवला. त्यावर क्षेत्रफळ ८४० चौरस फूट! घर तर २० बाय २७, म्हणजे ५४०. मग टेप घेऊन आम्ही दोघं अंगणात उतरलो. सांदवाडीत १५ बाय २० चा गोठा आहे, घराला लागूनच. वरून काढलेल्या फोटोत घराचे आणि गोठ्याचे कवेलू एकाच छतासारखे दिसत होते. मोजणीला आलेल्या मुलाने आत डोकावलंच नव्हतं, म्हणून ३०० फुटांचा गोठाही राहतं घर म्हणून लागला होता. मघाच्याच दराने पाहिलं तर १,७५० च्या जागी २,७२० रुपयांचं बिल. शिवाय बांधकामाचा प्रकार लिहिला होता विटा-सिमेंट. समोरच्या भिंतीला पोरानं लग्नाच्या वेळी गिलावा केला होता, तेवढ्यावरून.

अर्ज साधा लिहिला. मालमत्ता क्रमांक, चुकीची नोंद काय, बरोबर काय, आणि प्रत्यक्ष पाहणीची मागणी. सोबत तीन फोटो: गोठ्यात बांधलेली गाय, मागची मातीची भिंत, आतून दिसणारे कवेलू. ग्रामपंचायतीच्या काळातला नमुना ८ काकूंनी पेटीतून काढून दिला, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला. त्यावर बांधकाम माती असंच होतं, तोही जोडला. अर्ज दोन प्रतींत केला आणि एका प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतला. सुनावणीच्या दिवशी काकू स्वतः गेल्या. गोठ्याचं माप राहत्या घरातून वगळलं गेलं, बांधकामाचा प्रकार दुरुस्त झाला.

सुनावणीतही ऐकलं नाही तर पुढे अपील आहे. ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे, नगरपंचायतीच्या आकारणीविरुद्ध मालमत्ता कर अपील समितीकडे. तिथं मुदत फार काटेकोर पाळतात, म्हणून बिल हातात पडलं ती तारीख त्याच बिलाच्या मागे पेननं लिहून ठेवा. काकूंनी ते सुधारलेलं बिल आणि शिक्का मारलेली पोच त्याच प्लास्टिकच्या पिशवीत, जुन्या नमुना ८ च्या वर ठेवली आहे. पुढची आकारणी चार वर्षांनी.